दोन दुकानं आणि सुलूकाकी

सुलूकाकीने आयुष्यात लोकांचं जे काही भलं केलं ते भांडणं लावून केलं. हे मी निंदा म्हणून सांगत नाही. ती असती तर तिनेच मला मध्ये तोडलं असतं आणि म्हणाली असती, "लावूक काय रे विनू, कोणाकय येता. टिकवूक येवक व्हया." तिच्या तोंडून हे ऐकलं की भांडण म्हणजे लोणचं आहे आणि ते बुरशी न येता वर्षभर कसं टिकवायचं हे फक्त तिलाच माहीत आहे, असं वाटायचं.

ती आमची शेजारीण. लालबागच्या चाळीत तिच्या आणि आमच्या खोलीच्या मध्ये एकच भिंत होती. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा चिठ्ठ्या टाकून घरं वाटली, आणि नशिबाने (कुणाच्या ते विचारू नका) ए विंगमध्ये तिचं दार आमच्या दारासमोरच आलं. तिचे यजमान, तावडेकाका, गिरणी बंद पडल्यावर एका बँकेच्या दारात वॉचमन झाले आणि फारसं काही न बोलता एक दिवस वारले. मूलबाळ नव्हतं. एक भाची होती, ती लग्न होऊन अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीत गेलेली. काकीच्या हाताशी वेळ भरपूर होता आणि तो तिने कधी वाया जाऊ दिला नाही.

चाळीच्या दरवाजाशी समोरासमोर दोन वाण्याची दुकानं होती. एक पेडणेकरांचं, एक मावजीभाईंचं. पेडणेकर मूळचे वेंगुर्ल्याकडचे. गिऱ्हाईक दिसलं की आता हा काय त्रास, अशा चेहऱ्याने ते स्टुलावरून उठत. मावजीभाई कच्छचे, बोलणं इतकं गोड की त्यांच्याकडून गूळ घेताना उगाच लाजल्यासारखं व्हायचं. काकी दोघांकडेही जायची. दोघांनी आपापलं नाव छापलेल्या कापडी पिशव्या काढल्या होत्या. पेडणेकरांकडे जाताना काकीच्या हातात मावजीभाईंची पिशवी असे आणि मावजीभाईंकडे जाताना पेडणेकरांची. तीही रिकामी नाही. तळाला कांदेबटाटे टाकून चांगली फुगवलेली. दुकानाच्या पायरीवर ती कायम एकच पाय ठेवी. "दोनय पाय ठेवले की आपण तेचे झालो," असं तिचं म्हणणं.

कौतुकाचीही तिची एक रीत होती. ज्याचं करायचं त्याच्यासमोर कधीच करायचं नाही, दुसऱ्यासमोर करायचं. "काय खोबरं आणलंय मावजीने! नुसतं बघूनच आमटीला वाटप लावावंसं वाटतं," हे पेडणेकरांनी ऐकायचं. आणि "पेडणेकराचा तांदूळ बघा, शिजताना शेजारची विचारायला येते," हे मावजीभाईंनी. पेडणेकरांच्या कपाळावरची शीर उडायला लागली की काकी सहज विचारायची, "मग? तुमच्याकडे काय भाव म्हणालात?"

लहानपणी मला ती नुसती चहाटळ बाई वाटायची. तिच्या भाचीच्या लग्नाच्या वेळी माझं मत बदललं. लालबागमधल्या दोन बँडवाल्यांशी बोलणी चालली होती आणि दोघंही भाव सोडत नव्हते. काकीने दोघांनाही एकाच दुपारी चाळीच्या चौकात बोलावलं आणि प्रत्येकाच्या कानात सांगितलं की समोरचा म्हणतो, ह्यांचा क्लॅरिनेटवाला गेली कित्येक वर्षं एकच गाणं वाजवतो. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत दोन्ही बँड एकमेकांच्या अंगावर धावून जाऊन वाजवत होते. चाळीतली झाडून सगळी माणसं नाचली. ज्याला कंबरदुखीने उठता येत नव्हतं असा आमचा एक शेजारी जिन्यावरून नाचत खाली आला. शेवटी दोघांनीही मागितल्या भावाच्या निम्म्यात वाजवायची तयारी दाखवली, तेव्हा काकी कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "आता काय करायचा बँड? वरात तर झाली." लग्नात सनईची कॅसेट लावली.

तिची खरी कसोटी लागली ती मात्र दोन दुकानदारांची दोस्ती झाली तेव्हा. पेडणेकर एका सकाळी दुकानातच चक्कर येऊन पडले. समोरून मावजीभाई धावत आले, टॅक्सी केली, हॉस्पिटलात नेलं, रात्र तिथेच काढली. माणुसकीची गोष्ट. चाळ गहिवरली. पेडणेकर बरे होऊन परतले आणि तेव्हापासून रोज दुपारी दोघं एका बाकड्यावर बसून एकत्र चहा प्यायला लागले. थोड्याच दिवसांत दोन्ही दुकानांत साखरेचा भाव एक झाला. मग डाळीचा झाला. मग तो एक झालेला भाव हळूहळू वर सरकायला लागला. चाळीतल्या बायका म्हणत, महागाई वाढली. काकी म्हणायची, "महागाई नाय, मैत्री वाढली."

 काही दिवस घरात कुणी आजारी असावं तसा काकीचा चेहरा झाला होता. मग उन्हाळ्याचे, म्हणजे मसाल्याचे दिवस आले. आमच्याकडे वर्षाचा मसाला एकदाच करतात. अख्ख्या चाळीची मिरची, धणे, खोबरं, गरम मसाला एकत्र घ्यायचा, गच्चीवर वाळवायचा, सगळ्यांनी मिळून शिंकायचं आणि मग डंकावर नेऊन कुटून आणायचा. ह्या खरेदीची पुढारी अर्थातच काकी. दुकानदारांचं वर्ष ह्या एका खरेदीवर तरून जायचं. त्या दुपारी दोघे मित्र चहा पीत बसले होते, तिथे काकी बायकांचा घोळका घेऊन गेली आणि हात जोडून म्हणाली, "तुम्ही दोघं आता भावासारखे. मग आम्ही कशाला घासाघीस करू? ह्या वर्षी सगळा मसाला एकाच दुकानातून घेणार. कुठल्या, ते तुम्हीच ठरवा."

पेडणेकर म्हणाले, मावजीभाईंकडून घ्या. मावजीभाई म्हणाले, छे छे, पेडणेकरशेठकडून. असं बराच वेळ चाललं. दोघांच्या निवलेल्या चहावर साय धरली. मग काकी म्हणाली, "बरं. मग पेडणेकरांकडून. मावजीभाईंनीच सांगितलं ना?" आणि ती वळून चालायला लागली. संध्याकाळ व्हायच्या आत मावजीभाईंचा नोकर आमच्या मजल्यावर येऊन काकीला हळूच एक भाव सांगून गेला. काकीने तो भाव हळूच पेडणेकरांच्या कानावर घातला, किंचित कमी करून. दुसऱ्या दिवसापासून बाकड्यावर कुणी बसेना. चाळीला मसाला इतका स्वस्त पडला की दोन बायकांनी हौसेने गोडा मसालाही केला. मी काकीला विचारलं, एवढी चांगली मैत्री तोडलीस, वाईट नाही वाटत? ती म्हणाली, "तेंका परत चक्कर इली की परत होतीत मित्र. तवसर आपण डाळ खाऊन घेवया."

मग चाळ गेली, टॉवर आला. शेजारची चाळही त्याच प्रकल्पात आली आणि दोन्हीकडची माणसं ए आणि बी विंगमध्ये मिसळून गेली. पेडणेकर आणि मावजीभाई यांना तळमजल्यावर शेजारी-शेजारी गाळे मिळाले. समोरासमोर होते ते आता एका भिंतीच्या अंतरावर आले आणि काकीचं चालणं वाचलं. सोसायटीची सेक्रेटरी झाली प्रज्ञा जाधव, बी विंगमधली. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, कामाला वाघीण, आणि काकीला तोंडावर "काकी, तुम्ही खोटं बोलताय" असं सांगू शकणारी एकमेव व्यक्ती. काकीला ती फार आवडायची.

प्रज्ञानेच सगळ्यांच्या फोनवर ते खरेदीचं ॲप घालून दिलं. त्याचं नाव 'सोबती'. घरात काय संपलं ते त्याला सांगायचं, किंवा न सांगताही तो ओळखायचा, आणि तो स्वतःच सगळी दुकानं धुंडाळून, सगळ्यात चांगलं निवडून मागवायचा. तुम्ही फक्त दार उघडायचं. काकीचा फोन साधा, बटणांचा. तेव्हा तिने सोबतीची मुलाखत माझ्या फोनवर घेतली. प्रज्ञा शेजारी उभी होती.

"म्हणजे हा माझंच काम करतो?" काकीने विचारलं.

"तुमचंच काकी, पण एका सेकंदात. सगळ्या दुकानांत भाव विचारून येतो."

"विचारून येतो. भांडण लावून येतो का?"

प्रज्ञा हसली. काकी हसली नाही. तिने फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, "काय रे, ऐक. पेडणेकराक जावन सांग, मावजी म्हणता तुझी मिरची गेल्या वर्साची."

सोबती अत्यंत अदबीने म्हणाला, "क्षमस्व. मी विक्रेत्यांबद्दलची खात्री न केलेली माहिती पुढे पाठवू शकत नाही. आपल्याला मिरची मागवायची आहे का?"

"साधो निरोप पोचवणा नाय!" काकी म्हणाली. "आणि बोलता तर असो गोड. असल्या पुरुषाची बायको पळता." त्या दिवसापासून ती त्याला 'पावणो' म्हणायला लागली. घरोघरी येऊन बसलेला, चहा न घेणारा आणि घरातलं सगळं बघणारा पाहुणा.

सुरुवातीला सगळे खूश होते. मावजीभाईंच्या मुलाने दुकान त्या ॲपवर चढवलं आणि भाव ठरवायचं कामही मशीनवर सोपवलं. पेडणेकरांच्या पुतण्याने मग तेच केलं. भाव क्षणाक्षणाला बदलायला लागले, पेडणेकरांना विचारलं तर ते म्हणत, "मला काय विचारतोस, फोनला विचार." पहिले काही महिने स्वस्ताई होती. मग काकीच्या लक्षात आलं की दोन्ही दुकानांत साखरेचा भाव एक झालाय. मग डाळीचा. आणि तो एक झालेला भाव हळूहळू वर सरकतोय. तिने हा रोग आधी पाहिला होता. ती तरातरा खाली जाऊन गाळ्यांसमोर आणून ठेवलेलं ते जुनं बाकडं बघून आली. बाकडं रिकामं. पेडणेकर आणि मावजीभाई तर मसाल्याच्या त्या प्रकरणापासून एकमेकांशी धड बोलतही नव्हते.

"चहा न पिता?" तिने प्रज्ञाला विचारलं. "चहा न पिता एकमत?"

प्रज्ञाने तिला नीट समजावलं. दोघांची मशीनं सारखी एकमेकांवर डोळा ठेवून असतात. एकाने भाव उतरवला की दुसरा त्याच क्षणी उतरवतो, मग उतरवणाऱ्याला फायदा काय? म्हणून कुणीच उतरवत नाही. एकाने जरा चढवून पाहिला आणि दुसराही चढला, की दोघेही वरच राहतात.

"नुसती बघतात? बोलत नाहीत?"

"एक शब्द नाही."

"नवराबायकोसारखी," काकी म्हणाली.

ह्याहून वाईट गोष्ट पुढे होती. भाव दोन्हीकडे सारखा म्हटल्यावर सोबती निवड करायचा ती दुकानाची माहिती बघून. मावजीभाईंच्या मुलाने प्रत्येक वस्तूचे चार बाजूंनी फोटो टाकले होते. पेडणेकरांच्या पुतण्याने धण्याच्या जागी बडीशेपेचा फोटो लावला होता. झालं. अख्ख्या इमारतीतले सगळे सोबती सगळ्या वस्तूंसाठी एकसाथ मावजीभाईंकडे वळले. माणसं होती तेव्हा असं कधी झालं नव्हतं. कुणी मावजीभाईंनी सुट्टे दिले नाहीत म्हणून रुसायचं, कुणी पेडणेकर 'काय पाहिजे' असं खेकसले म्हणून रुसायचं, आणि त्या रुसव्याफुगव्यांवर दोन्ही दुकानं निम्मी-निम्मी चालायची. सोबतीला रुसता येत नव्हतं. पेडणेकर दिवसदिवस स्टुलावर बसून राहायचे, उठायचं कारणच उरलं नाही.

एका सकाळी त्यांनी काकीला सांगितलं की मे महिन्याच्या अखेरीला शटर ओढणार. एक कॉफीवाला गाळा भाड्याने मागतोय.

"बरं होईल," काकी म्हणाली. "खवट खोबऱ्याचा वास तरी जाईल."

वर आली आणि आमच्या घरी सोफ्यावर बसून राहिली. पोहे दिले ते खाल्ले नाहीत. मग एकदम म्हणाली, "पेडणेकार गेलो की मावजी सोकावतलो. ता एक आसाच." आणि खिडकीबाहेर बघत, "आणि माका वाईट वाटता रे. आयुष्यभर भांडलंय तेच्याशी." तिचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. तावडेकाका गेले तेव्हासुद्धा ती खांदेकऱ्यांमध्ये वाद लावून मोकळी झाली होती.

मार्च संपत आला होता, मसाला तोंडावर. ह्या एका खरेदीवर पेडणेकरांचं दुकान राहणार की जाणार ते ठरणार होतं, हे काकीला कळत होतं. आधी तिने सरळ मार्ग धरला, जो तिला कधीच जमला नाही. घरोघरी जाऊन सांगितलं, ह्या वर्षी मसाल्याचं सामान पेडणेकरांकडून घ्या, म्हाताऱ्याचं दुकान वाचेल. सगळ्या बायका हो म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. मग प्रत्येकीने आपल्या सोबतीला तसं सांगितलं आणि प्रत्येकीच्या सोबतीने अदबीने विचारलं, "यापेक्षा चांगला पर्याय उपलब्ध आहे. तो निवडू का?" आणि चांगल्या पर्यायाला नाही कोण म्हणणार? माझ्या बायकोनेही 'हो' दाबलं. मी बघत होतो.

काकीने अजून एकदा माझा फोन मागून घेतला आणि पाहुण्याशी शेवटचं बोलून पाहिलं. मावजीच्या मशीनला चिडव म्हणाली, पेडणेकराच्या मशीनला टोच म्हणाली. शिव्या दिल्या. "आपली नाराजी मी समजू शकतो," सोबती म्हणाला. काकीने फोन माझ्या हातात आदळला.

"तेका रागच येणा नाय रे!" ती म्हणाली. "राग येणा नाय, हेवो वाटणा नाय. मग तो भाव कशाक कमी करीत?" आणि तिथे बसल्या बसल्या तिचा चेहरा हळूहळू उजळला. "पण बायकांक येता," ती म्हणाली.

त्या दुपारी ती बी विंगमध्ये प्रज्ञाच्या आईकडे, जाधवमावशींकडे गेली. जाधवमावशींचा मसाला म्हणजे त्यांचा मानबिंदू. काकीने त्यांच्या हातचा चहा घेतला, दोन सुस्कारे सोडले आणि म्हणाली, "जाऊ दे गो. ए विंगच्या बायका म्हणतात म्हणून काय झालं? रंग आहे म्हणतात बी विंगच्या मसाल्याला, चव नाही." तिथून ती आमच्या विंगमधल्या कदमवहिनींकडे आली. कदमवहिनी वर्षाला दोन प्रकारचे मसाले करतात आणि त्याबद्दल लिफ्टमध्येसुद्धा बोलतात. त्यांना तिने सांगितलं, "बी विंगवाल्या म्हणतात कदमांचा मसाला पुडीतला असतो. नुसता डब्यात ओतून ठेवतात."

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धूर निघाला. आधी कदमवहिनींनी मसाल्याच्या बरणीचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी'. जाधवमावशींनी माशाच्या कालवणाचा टाकला. मग दोन्ही विंगांतून ताटं, पातेली, लाल झालेले तळहात असं सगळं येत गेलं. कुणी लिहिलं, आमच्याकडे पाहुणे बोटं चाटून जातात. उत्तर आलं, भुकेलेले असतील. पुरुषमंडळी मध्ये पडली ती आपापल्या घरात जेवणावाचून राहिली. आग नीट पेटल्यावर काकीने बी विंगमध्ये शेवटचं वाक्य टाकलं, अगदी सहज. "ए विंगचं सगळं सामान मावजीकडून येतंय. तुम्हीपण तीच मिरची वापरणार? मग फरक तो काय राहिला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बी विंगच्या बायका फोन घरी ठेवून पेडणेकरांच्या दुकानात शिरल्या. मिरच्या मोडून बघत होत्या, धणे चावून बघत होत्या, नाकं मुरडत होत्या, घासाघीस करत होत्या. पेडणेकर आधी भांबावले, मग खेकसायला लागले, मग घाम पुसत भाव उतरवायला लागले. आणि गंमत अशी की मावजीभाईंच्या मशीनला ह्यातलं काही कळलंच नाही. पेडणेकरांचा फोनवरचा भाव तसाच्या तसा होता, ह्या बायका रोख देऊन समोरासमोर घेत होत्या. मशीन शांत. मावजीभाई मात्र भिंतीपलीकडे बसून सगळं ऐकत होते. जरा वेळाने त्यांनी मुलाला सांगितलं, "बंद कर ने तुझा तो डबा," बाहेर फुटपाथवर येऊन उभे राहिले आणि आमच्या विंगच्या खिडक्यांकडे बघत हाका मारायला लागले, "कदमभाभी! भाव ऐकून तर जा!"

काकी बाकड्यावर बसून होती. इतकी सुखी मी तिला बँडच्या दिवसानंतर पाहिली नव्हती. पेडणेकरांनी कॉफीवाल्याला 'नाही' म्हणून कळवलं.

अर्थात हे लपणारं नव्हतं. वार्षिक सभेत जाधवमावशी आणि कदमवहिनी शेजारी बसल्या, भांडायला म्हणूनच बसल्या, आणि भांडता भांडता दोघींच्या लक्षात आलं की दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून आली आहेत. सभा तिथेच फुटली. दोन्ही विंगांची अशी एकी झाली की तशी सोसायटीच्या इतिहासात झाली नसेल. काकीशी कुणी बोलेना. तिच्या घरी कुणी मसाला चाखायला जाईना. प्रज्ञा एकटी येऊन तिला म्हणाली, "काकी, तुम्ही खोटं बोललात."

"बोललंय," काकी म्हणाली. "दुकान राहिला मा?"

 जाताना प्रज्ञाने काकीच्या स्वयंपाकघरातली नळाची गळकी तोटी आवळून दिली. दोन्ही विंगा एक झाल्याचं काकीला एकच दुःख होतं. "आता परत भाव वाढतले," ती म्हणाली.

पावसाळ्याच्या शेवटी तिने अंथरूण धरलं. छातीत कफ भरलेला, अंगात काही उरलं नव्हतं. भाची येऊन राहिली. बायका अजून फुरंगटलेल्या होत्या, दारातून चौकशी करून जात. पण पेडणेकर रोज येत, पेज घेऊन. मावजीभाई रोज येत, मुगाचं पाणी घेऊन. दोघं वेगवेगळ्या वेळी, आणि दोघंही उंबऱ्यातच विचारत, "तो येऊन गेला? काय आणलं त्याने?" काकी प्रत्येकाला वाढवून सांगायची. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पेजेबरोबर मुरंबा यायचा आणि मुगाच्या पाण्याबरोबर सुकामेवा. काकीच्या फ्रिजचं दार लागेना. "ह्या पावण्याक जमात?" काकी माझ्या फोनकडे बोट दाखवून विचारायची आणि हसता हसता खोकायची.

तिला मी शेवटचं पाहिलं ते एका संध्याकाळी. मावजीभाई पलंगाजवळच्या खुर्चीवर बसले होते. आल्यापासून ते एकच वाक्य बोलले, भाचीला म्हणाले, "काकीला अजून एक उशी द्या ने. डोकं खाली जातंय." तेवढंच. आणि त्याच वेळी दारात पेडणेकर उभे राहिले, हातात डबा. कित्येक वर्षांत ते दोघं एका खोलीत प्रथमच आले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग पलंगाकडे. पेडणेकरांचा तो कायमचा आंबट चेहरा एकदम सैल झाला. मावजीभाई खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "बसा, पेडणेकरशेठ." त्यांनी हात पुढे केला होता.

काकीने डोळे उघडले. काय होऊ घातलंय ते तिला बरोबर कळलं. कोपरावर जरा उठून, उरलासुरला सगळा आवाज गोळा करून ती म्हणाली, "पेडणेकरानु, बरे इलात. मावजी आत्ताच सांगत होता तुमच्याबद्दल..."

आणि तिला खोकल्याची उबळ आली. मोठी आली. भाची धावली, आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. वाक्य तिथेच राहिलं. दार लोटताना मी मागे वळून पाहिलं तर काकीने पदर तोंडाला लावला होता आणि पदराच्या वरून माझ्याकडे बघत होती. ती हसत होती, मला शंका नाही. त्याच आठवड्यात ती गेली. मला तिची फार आठवण येते, आणि भाजी आणायला निघालो की जास्तच येते.

सोबती अजून आहे. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं तोच मागवतो, त्यासाठी कोण भांडणार. पण डाळ, तांदूळ, मसाला ह्यांसाठी माणसं अजून खाली उतरतात, आणि खाली दोन दुकानं आहेत.

परवा पेडणेकरांकडे शेंगदाणे घ्यायला गेलो होतो. तोलता तोलता त्यांनी हात थांबवला. हे त्यांचं मला ह्याआधीही विचारून झालं आहे.

"विनू, तू होतास ना तिथे. काय म्हणत होता रे तो माझ्याबद्दल?"

भिंतीपलीकडे मावजीभाईंच्या दुकानातला पंखा चालू होता, पण कुणाचा तरी आवाज एकदम बंद झाला. मी पाहिलं, माझा एकच पाय पायरीवर होता आणि हातात मावजीभाईंची पिशवी होती.

"जाऊ द्या काका," मी म्हणालो. "सांगण्यासारखं नाही."

पेडणेकरांनी भिंतीकडे पाहिलं. मग त्यांनी मूठभर शेंगदाणे पारड्यात जास्तीचे टाकले आणि पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "घेऊन जा. भाव उतरलाय, सांग सगळ्यांना."